शुगरची गोळी चालू असताना अँटिबायोटिक

पावसाळ्यात पोट बिघडलं की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक गोळी हमखास घरी येते: ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली. "सकाळ-संध्याकाळ एकेक, तीन दिवस," एवढीच सूचना. घरात शुगरच्या गोळ्यांची स्ट्रिप आधीपासून असतेच. तिच्या मागच्या चंदेरी कागदावर बारीक अक्षरांत ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ आणि मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ असं छापलेलं. या दोन्ही गोळ्या एकाच सकाळी पोटात गेल्या तर काय होऊ शकतं, ते घड्याळ समोर ठेवून बघू.

समजा वय ६८, अंगकाठी बारीक, रात्रभर जुलाब झालेले. सकाळी साडेसातला नेहमीप्रमाणे शुगरची गोळी घेतली, कारण ती चुकवायची नाही हे वर्षानुवर्षं मनावर बिंबलेलं. पोहे नकोसे वाटले म्हणून कोरा चहा आणि दोन मारी बिस्किटं. आठ वाजता अँटिबायोटिक. ग्लिमेपिराइड दोन-तीन तासांत रक्तातल्या सर्वांत वरच्या पातळीला पोचतं. म्हणजे दहाच्या सुमारास ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत असतं आणि पोटातून मात्र साखर जवळपास येतच नसते. ओफ्लॉक्सासिनही त्याच वेळी रक्तात भरात असतं. साडेअकराला माणूस घामाने ओला, गळून गेलेला, विचारलं एक तर सांगतो भलतंच. घरचे म्हणतात, "रात्रभर जुलाब झालेत, अशक्तपणा आहे, झोपू दे जरा."

त्या वेळी बोटाला सुई टोचून मशीनवर बघितलं तर आकडा ४८ असू शकतो. त्याला झोपू दिलं, तर तो झोपेतून उठेलच असं नाही.

आजारपणात शुगर वाढते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते खरंही आहे. पण शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला अँटिबायोटिक सुरू झालं की साखर उतरण्याकडे जास्त लक्ष हवं, कारण ती उतरल्याची लक्षणं मूळ आजारासारखीच दिसतात. घाम ताप उतरल्याचा वाटतो, थरथर थंडीची वाटते, बरळणं ग्लानीतलं वाटतं. फरक फक्त मशीनवर कळतो.

आधी आजाराचं स्वतःचं गणित

संसर्ग झाला की शरीर कॉर्टिसोल, ॲड्रेनॅलिन अशी हार्मोन्स सोडतं. ती इन्सुलिनचं काम अडवतात आणि यकृताला साठवलेली साखर बाहेर सोडायला लावतात. म्हणून न्यूमोनियात किंवा पायाच्या जखमेत पू झाल्यावर एरवी १४० असणारी फास्टिंग २४० दिसते. जोडीला प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्टसारखं स्टेरॉइड दिलं असेल तर दुपारनंतरचे आकडे आणखी चढतात. मग डॉक्टर शुगरचा डोस वाढवतात. इथपर्यंत ठीक.

चौथ्या-पाचव्या दिवशी अँटिबायोटिक लागू पडतं, ताप उतरतो, हार्मोन्स ओसरतात, स्टेरॉइड बंद होतं. वाढवलेला डोस मात्र तसाच चालू राहतो, आणि भूक अजून परतलेली नसते. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर शुगर लो होण्याचं हे नेहमीचं कारण. यात अँटिबायोटिकचा दोष एवढाच, की त्याने आपलं काम चोख केलं.

'फ्लॉक्सासिन'वाली औषधं

याखेरीज काही अँटिबायोटिक्स स्वतःच साखरेच्या कारभारात हात घालतात. त्यांत पहिला मान क्विनोलोन गटाचा: सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन. नावाच्या शेवटी 'फ्लॉक्सासिन' आलं की हा गट समजायचा.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशींच्या भिंतीत पोटॅशियमची दारं असतात. ती उघडी आहेत तोवर पेशी शांत असते. जेवल्यावर रक्तातली साखर वाढली की दारं मिटतात, पेशीतला विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या साखर वाढलेली असो वा नसो, ही दारं थेट मिटवतात. क्विनोलोनही, त्यांच्याइतक्या जोराने नसलं तरी, तेच करतात. एका दाराला दोघांनी मिळून कडी लावावी तसा हा प्रकार.

या दोन प्रकारच्या औषधांचं नातं जुनं आहे. सल्फोनिलयुरियाचा शोधच मुळी जंतूंवरचं औषध तपासताना लागला. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात मार्सेल जानबाँ हे डॉक्टर टायफॉइडच्या रुग्णांना सल्फा गटातलं एक नवं औषध देऊन बघत होते. काही रुग्णांची साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरली, काही दगावले. त्यांचे सहकारी ओग्युस्त लुबातिएर यांनी मग कुत्र्यांवर प्रयोग केले. स्वादुपिंड शाबूत असलेल्या कुत्र्यांत साखर उतरली, स्वादुपिंड काढलेल्यांत उतरली नाही. औषध स्वादुपिंडाकडूनच इन्सुलिन सोडवून घेतं हे त्यावरून कळलं, आणि पुढच्या दशकात शुगरची पहिली गोळी बाजारात आली.

क्विनोलोनपैकी गॅटिफ्लॉक्सासिन तर साखर दोन्ही टोकांना न्यायचं, काहींची फार खाली, काहींची फार वर. २००६ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या वयस्कर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी उत्पादकाने ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं. भारतात त्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनं २०११ मध्ये बंद झाली. डोळ्यांत घालायचे थेंब अजून मिळतात, आणि थेंबांतून रक्तात जाणारं औषध इतकं नगण्य असतं की शुगरच्या दृष्टीने त्याची काळजी नको.

बाकीची क्विनोलोन चालू राहिली. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्यांच्या माहितीपत्रकातला इशारा कडक केला. साखर उतरून बेशुद्ध झालेल्या ६७ रुग्णांच्या नोंदी तिला सापडल्या होत्या, त्यांतले १३ दगावले. ६७ पैकी ४४ जण लिव्होफ्लॉक्सासिनवर होते. तीसेक वर्षांच्या नोंदींतला हा आकडा, म्हणजे प्रकार दुर्मिळच. पण ज्यांच्यात तो घडू शकतो ती माणसं आधीच ओळखता येतात: वय साठच्या पुढे, मूत्रपिंड थोडं कमजोर, सल्फोनिलयुरिया किंवा इन्सुलिन चालू, आणि जेवण निम्म्यावर आलेलं. मूत्रपिंडाचा मुद्दा यासाठी की लिव्होफ्लॉक्सासिन आणि ओफ्लॉक्सासिन मुख्यतः लघवीतून बाहेर जातात. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असताना पूर्ण डोस दिला तर औषध अंगात साठत जातं.

म्हणून क्विनोलोन घ्यायचंच नाही, असा अर्थ नाही. काही संसर्गांना तेच लागू पडतं. आक्षेप आहे तो साध्या जुलाबासाठी विचारल्याशिवाय ते गिळण्याला. पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा कुठल्याच अँटिबायोटिकशिवाय दोन-तीन दिवसांत थांबतात. ताप भरला, शौचातून रक्त पडलं किंवा पोटात पाणी ठरेना, तर डॉक्टरांकडे जायचं.

यकृतातली गर्दी

दुसरी अडचण यकृतात होते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा निचरा तिथलं सीवायपी२सी९ नावाचं एन्झाइम करतं. को-ट्रायमॉक्साझोल हे सल्फामेथॉक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम यांचं जोड-अँटिबायोटिक. त्यातलं सल्फामेथॉक्साझोल या एन्झाइमची वाट अडवतं. मग शुगरची गोळी संपायच्या वेळी संपत नाही आणि रक्तातली तिची पातळी चढते. आपण २ मिग्रॅ घेतो, शरीराला त्याहून जास्त भोगावी लागते.

क्लॅरिथ्रोमायसिन वेगळ्या वाटेने जातं, पण परिणाम तोच. आपल्याकडे ते छातीच्या संसर्गात मिळतं आणि पोटातल्या एच. पायलोरी जंतूसाठीच्या १४ दिवसांच्या किटमध्येही असतं. किटमधलं म्हणून ते अँटिबायोटिक असल्याचं कित्येकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या ६६ वर्षांपुढच्या लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सगळे ग्लिपिझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणारे. शुगरच्या गोळीच्या वाटेत न येणाऱ्या अँटिबायोटिक्सच्या तुलनेत क्लॅरिथ्रोमायसिनवाल्यांत साखर उतरून हॉस्पिटल गाठायची वेळ येण्याची शक्यता जवळपास चौपट निघाली. लिव्होफ्लॉक्सासिन आणि को-ट्रायमॉक्साझोलला अडीचपट, मेट्रोनिडाझोलला दुपटीच्या आसपास, सिप्रोफ्लॉक्सासिनला दीडपटीहून थोडी जास्त.

रेपाग्लिनाइड ही शुगरची गोळी घेणाऱ्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन आणि ट्रायमेथोप्रिम या दोन्ही नावांपासून सावध राहावं, दोन्ही त्याची पातळी वाढवतात. क्लॅरिथ्रोमायसिनची आणखी एक खोड आहे. मधुमेहाच्या बहुतेक रुग्णांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू असते. ती अटोर्व्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन असेल तर क्लॅरिथ्रोमायसिनसोबत तिची पातळीही वाढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. कोर्सपुरती ती थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारावं. को-ट्रायमॉक्साझोलबद्दलही असंच. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल तर दोन्ही मिळून रक्तातलं पोटॅशियम वाढवतात, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

मेटफॉर्मिन: त्रास जुलाबातून येतो

एकटं मेटफॉर्मिन साखर धोकादायक खाली नेत नाही. ते यकृतात मोडतही नाही, जसंच्या तसं लघवीतून बाहेर जातं. त्यामुळे त्याची सगळी भिस्त मूत्रपिंडावर. ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं ते सांगणारा आकडा) ३० च्या खाली गेला की मेटफॉर्मिन बंद, ३० ते ४५ असेल तर डोस कमी, हा नियम त्यामुळेच.

आता अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलानेट हे अँटिबायोटिक घेतल्यावर अनेकांना जुलाब होतात. मेटफॉर्मिनही पोट ढिलं करतं. दोन्ही एकत्र, वर ताप, पाणी कमी, अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅक. शरीर सुकतं, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो, मेटफॉर्मिन साठत जातं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढतं. हा प्रकार क्वचितच घडतो, पण घडला तर जिवावर बेततो. म्हणून उलट्या-जुलाब चालू असतील तर मेटफॉर्मिन तात्पुरतं थांबवायचं आणि जेवणखाण-पाणी नीट सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा घ्यायचं, असा सल्ला दिला जातो. आपल्या डॉक्टरांकडून तो आजारी नसतानाच लिहून घ्यावा. ॲमिकासिन किंवा जेंटामायसिनची इंजेक्शनं चालू असतील तर मधेच क्रिएटिनिन तपासणं आलंच, कारण ही औषधं थेट मूत्रपिंडाला त्रास देतात.

जुलाबात ओआरएस घेऊ का, हा मधुमेहींचा ठरलेला प्रश्न. घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे २०० मिली पेल्यात तीन ग्रॅमही नाही. मीठ-पाणी आतड्यातून आत ओढून घ्यायला तेवढं लागतंच. फक्त पाकिटातली पावडर पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात मिसळायची, आणि खोक्यातली गोड तयार पेयं त्याऐवजी चालवायची नाहीत. अँटिबायोटिकच्या सिरपमधल्या साखरेचीही अशीच विनाकारण धास्ती असते. चमचाभर औषधातली दोन-तीन ग्रॅम साखर घरच्या चहापेक्षा कमीच.

डापाग्लिफ्लोझिन, खाज आणि फ्लुकोनाझोल

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, दिवसाला साधारण ७० ग्रॅमपर्यंत. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यावर ते आपल्याकडे स्वस्त झालं आणि घरोघरी पोचलं. गोड लघवीमुळे जननेंद्रियाच्या भागात बुरशी वाढते. त्यात अँटिबायोटिकचा कोर्स झाला की तिथले नेहमीचे उपकारक जंतू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. खाज सुटते. सांगायला लाज वाटते म्हणून माणूस मेडिकलमधून फ्लुकोनाझोलची १५० मिग्रॅची गोळी आणतो.

फ्लुकोनाझोल बुरशीवरचं औषध आहे, अँटिबायोटिक नव्हे, पण ते वर सांगितलेलं सीवायपी२सी९ एन्झाइम चांगलंच दाबतं. चार दिवस फ्लुकोनाझोल दिल्यावर ग्लिमेपिराइडचा शरीरातला एकूण भार दुपटीहून जास्त झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. आणि फ्लुकोनाझोल निम्मं व्हायलाच सुमारे ३० तास लागतात, म्हणजे एका गोळीचा परिणामही दोन-चार दिवस रेंगाळतो. एका शुगरच्या गोळीने खाज आणली, खाजेच्या गोळीने दुसऱ्या शुगरच्या गोळीचा जोर वाढवला, आणि चिठ्ठी कुठेच नाही.

डापाग्लिफ्लोझिनवाल्यांनी ताप-उलट्यांत जेवण बंद असेल तेव्हा ही गोळी थांबवावी. नाहीतर साखर १८०-२०० च दिसत असताना रक्तात कीटोन आम्लं साठू शकतात. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास अशी लक्षणं असतील तर साखर बरी दिसते म्हणून घरी थांबायचं नाही. हॉस्पिटलमध्ये जाऊन गोळीचं नाव सांगायचं आणि कीटोन तपासायला सांगायचं. गुप्तांगाभोवती किंवा गुदद्वाराजवळ दुखरी सूज, लाली आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

टीबीचा कोर्स: इथे गाडी उलटी धावते

रिफाम्पिसिन यकृतातल्या त्याच एन्झाइमांना अडवत नाही, उलट त्यांची फौज वाढवतं. टीबीच्या सरकारी कार्यक्रमातल्या रोजच्या मिश्र गोळीत रिफाम्पिसिन १५० मिग्रॅ असतं. ५० ते ६४ किलो वजनाचा रुग्ण अशा चार गोळ्या घेतो, म्हणजे ६०० मिग्रॅ, आणि तेही किमान सहा महिने. पहिल्या आठवड्यात फारसा फरक दिसत नाही. एन्झाइमांची फौज पूर्ण उभी राहायला दोनेक आठवडे लागतात. मग ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड लवकर मोडून जातात, पायोग्लिटाझोनची पातळी निम्म्यावर येते, रेपाग्लिनाइडची त्याहूनही खाली, लिनाग्लिप्टिनचा उपयोगही घटतो. कालपर्यंत चालणारा डोस पुरेनासा होतो आणि रुग्णाला ओरडा बसतो, "गोड खाल्लंत ना?" बिचाऱ्याने काहीच खाल्लेलं नसतं.

अशा वेळी डॉक्टर बहुधा मेटफॉर्मिन आणि गरज पडली तर इन्सुलिन यांच्यावर भर देतात, कारण त्यांच्यावर रिफाम्पिसिनचा फारसा जोर चालत नाही. टीबीच्या रुग्णात साखर ताब्यात ठेवणं औषधांइतकंच महत्त्वाचं आहे. वाढलेल्या साखरेत टीबी लवकर आटोक्यात येत नाही आणि उलटण्याचा धोकाही वाढतो. टीबीच्याच कोर्समधल्या आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येतात, मधुमेहामुळेही येतात. म्हणून पायरिडॉक्सिन म्हणजे बी६ ची गोळी चालू आहे ना, हे बघावं.

खरी गोम कोर्स संपल्यावर आहे. रिफाम्पिसिन थांबलं की एन्झाइमांची फौज दोन आठवड्यांत पांगते. सहा महिन्यांत चढवत नेलेला शुगरचा डोस आता एकदम जास्त ठरतो. टीबी बरा झाला, वजन वाढलं, भूक लागली, सगळं छान. आणि पंधरवड्याने पहाटे शुगर लो. शेवटच्या गोळीची तारीख कॅलेंडरवर लिहून तिथून पुढचे तीन आठवडे मशीनवर रोज बघावं आणि डोस उतरवण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं.

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी भारताने २०२४ मध्ये मान्यता दिलेल्या नव्या कोर्समध्ये लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही आहेत, आणि दोन्ही साखर उतरवू शकतात. लिनेझोलिड मधुमेही पायाच्या संसर्गातही वापरतात. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया चालू असेल तर ते घेताना मशीन हाताशी हवंच.

कमी त्रासाची औषधं

अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम-सेफ्युरॉक्झिमसारखी सेफालोस्पोरिन्स आणि अझिथ्रोमायसिन ही शुगरच्या गोळ्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला फॉस्फोमायसिनचं ३ ग्रॅमचं पाकीट एकदाच पाण्यात मिसळून घ्यायचं असतं, तेही सोयीचं. नायट्रोफ्युरँटोइन चालतं, पण मूत्रपिंड फार कमजोर असेल किंवा पायांना आधीच बधिरपणा असेल तर डॉक्टर टाळतात. मात्र जंतू कुठला आणि तो कशाला दाद देतो हे आधी, शुगरच्या गोळीची सोय नंतर. पर्याय सारखे असतील तेव्हाच कमी भांडखोर औषध निवडता येतं, आणि डॉक्टरांना तुमच्या गोळ्या माहीत असतील तरच.

म्हणून दवाखान्यात जाताना स्ट्रिपच पिशवीत टाकावी. "एक पांढरी लांबट गोळी आहे" यावरून कुणालाच काही कळत नाही. शुगरच्या जोडगोळ्यांच्या नावापुढचा १ किंवा २ हा आकडा बऱ्याचदा ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम सांगतो, पण त्यावर विसंबू नये, मागची घटकांची यादी वाचावी. डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारावा: "जेवण झालं नाही तर ही गोळी घ्यायची का?" सल्फोनिलयुरियाबाबत उत्तर बहुधा 'नाही' असतं, आणि क्विनोलोन किंवा को-ट्रायमॉक्साझोल देताना काही डॉक्टर तिचा डोस आधीच कमी करून देतात. इन्सुलिनचं मात्र वेगळं. टाइप वन मधुमेहात जेवण नसलं तरी दिवसभराचं मूळ इन्सुलिन कधीच पूर्ण बंद करायचं नाही.

मशीनवर कधी बघायचं, आणि आकडा खाली आला तर

सल्फोनिलयुरिया किंवा इन्सुलिन चालू असेल आणि वर सांगितलेलं एखादं औषध सुरू झालं, तर पहिले तीन-चार दिवस चार वेळा बघावं: सकाळी उपाशी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना. वयस्कर माणसाचं एकदा पहाटे तीनलाही. पुढे कोर्स संपेपर्यंत आणि त्यानंतर दोन-तीन दिवस, दिवसातून दोनदा. सुई टोचण्याआधी हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर ६० ची साखर १६० दिसते.

आकडा ७० च्या खाली आला की १५ ग्रॅम साखर लगेच: चहाचे तीन सपाट चमचे, पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. वर आल्यावर पोळी-भाजी किंवा दूध-भात. चॉकलेट किंवा क्रीमचं बिस्कीट देऊ नये, त्यातल्या तुपाने साखर पोटातच रेंगाळते. ५४ च्या खाली असेल तर एकटं सोडायचं नाही.

इथे एक फसगत आपल्याकडे वरचेवर होते. शुगरच्या तिहेरी गोळीत बऱ्याचदा व्होग्लिबोज ०.२ किंवा ०.३ मिग्रॅ असतं. आतड्यात साध्या साखरेचे दोन तुकडे करणारं एन्झाइम ते अडवतं, म्हणजे साखरपाणी पाजूनही साखर रक्तात लवकर पोचत नाही. अशा माणसाला केमिस्टकडे मिळणारी ग्लुकोज पावडरच हवी, तीही तीन चमचे. स्ट्रिपवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज दिसलं तर ग्लुकोजचा एक डबा फ्रीजवर ठेवून द्यावा.

बीपी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. अशांच्या बाबतीत दरदरून सुटलेला घाम हीच खूण. ग्लिबेनक्लामाइड अजून काही जुन्या चिठ्ठ्यांवर असतं. त्याने उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा कोसळते, अगदी दुसऱ्या दिवशीही. त्यामुळे साखर पाजून माणूस शुद्धीत आला तरी त्याला हॉस्पिटलमध्ये दाखवून देखरेखीखाली ठेवायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

आणखी दोन बारीक गोष्टी. कॅल्शियम, लोह, झिंक किंवा ॲसिडिटीच्या औषधासोबत सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलं तर ते आतड्यातच बांधलं जातं आणि संसर्ग बरा होत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं. आणि कुष्ठरोगासाठी डॅप्सोन चालू असेल तर एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) खऱ्यापेक्षा कमी येतं, कारण तांबड्या पेशी लवकर मरतात आणि त्यांच्यावर साखर चिकटायला वेळच मिळत नाही. अशा रुग्णाचा रिपोर्ट ५.८ आला तरी बोटाच्या तपासणीचे आकडेच खरे धरायचे.

कोर्स संपला, जेवण पूर्ववत झालं की थांबवलेली किंवा कमी केलेली शुगरची गोळी कधी परत सुरू करायची, ते चिठ्ठीवर तारखेसह लिहून घ्यावं. 'डॉक्टरांनी बंद केली होती' म्हणून मेटफॉर्मिन तसंच कपाटात राहतं, आणि दीड महिन्याने फास्टिंग २६० आल्यावर घरात शोध सुरू होतो तो आंब्याच्या पेटीचा.